साडेतीन महिन्यांचा डोस

३० डिसेंबर, सोमवार

पृथ्वीराजला आज अडीच महिन्यांची लस दिली. म्हणजे डॉक्टरांनी दिली, संयोगितानं त्याला धरलं आणि मी खाली गाडीजवळ थांबलो. कोल्हापुरात, त्यातून राजारामपुरीत, पार्किंगचा भरवसा नाही. दीड महिन्यांच्या लशीलाही मी गाडीजवळच होतो. घरात प्रत्येकाची एक जबाबदारी ठरलेली असावी, तरच संसार शिस्तीत चालतो.

बाळाच्या रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. मी काचा वर केल्या आणि एसी लावला. थंडीच्या दिवसांत गाडीचा एसी अधूनमधून चालवून बघावा लागतो, नाहीतर गॅस जातो.

घरी आल्यावर आईनं तिचं नेहमीचं सुरू केलं. "आरं विशू, तुला लस टोचायला न्यायचं म्हंजे सगळ्या शिवाजी पेठंला कळायचं. इजंच्या खांबाला मिठी मारून बसायचास. तुझ्या बापाला तालमीतनं दोन गडी आणायला लागायचे." आईची स्मरणशक्ती हल्ली कमी होत चालली आहे. मी आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. (राखीव.) पेनल्टीपुढं छाती काढून उभा राहणारा माणूस सुईला कशाला घाबरेल?

आजपासून ही रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बाप झाल्यावर माणसानं विचारपूर्वक जगावं, आणि विचार लिहिल्याशिवाय पक्का होत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

दुकानात दिवसभर शिंका. आमचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान, त्यामुळे रेक्झिन, फोम आणि धूळ. माझा पार्टनर अझीम म्हणतो, "तुझी शिंक ऐकून गिऱ्हाईक दचकतंय. एक तर गोळी घे, न्हायतर शटरच्या भाईर बस." गोळीनं मला झोप येते. मी बाहेर बसलो. बाहेर रस्त्याचं काम चालू आहे.

संयोगिताला वांग्याची ॲलर्जी. भरलं वांगं नुसतं शेजारच्या ताटात असलं तरी ती मान खाजवायला लागते. म्हणजे पोराला दोन्हीकडून वारसा. यावर कुणीतरी गंभीरपणे विचार करायला हवा. घरात तसा माणूस एकच आहे.

संकल्प: पृथ्वीराजला आयुष्यात एकही ॲलर्जी होता कामा नये.

५ जानेवारी, रविवार

सापडलं!

मोबाईलवर एक इंग्रजी लेख आला. लहानपणी दिलेल्या लशी, घरची राहणी आणि ॲलर्जीचा धोका, असं मथळ्यातच आहे. परदेशातली काही कुटुंबं गाई-गुरांजवळ राहतात, आंबवलेलं खातात, उठसूट औषधं घेत नाहीत आणि लशीही उशिरा देतात. त्यांच्या पोरांना ॲलर्जी कमी. एवढं वाचलं आणि पुढचं वाचायला लॉगिन मागायला लागला. गाभा कळला होता, म्हणून सोडून दिला.

माझे दोन निर्णय झाले. एक, घरची राहणी बदलायची. दोन, साडेतीन महिन्यांची लस जरा पुढं ढकलायची.

पहिला निर्णय जेवताना जाहीर केला. दुसरा नाही केला. घरच्यांना एकदम दोन धक्के देऊ नयेत.

संयोगितानं एवढंच विचारलं, "पूर्ण वाचलात का?" ती शिवाजी पेठेत ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते. माप पूर्ण घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, असली तिची सवय. संशोधनात तसं चालत नाही.

१२ जानेवारी, रविवार

राहणी बदलायला सुरुवात. सगळ्यांना घेऊन सासुरवाडीला, कागलच्या पुढं. सासरे कृष्णातमामा यांचा मोठा गोठा. चार म्हशी, दोन गाई, रेडकं, शेळ्या, कोंबड्या. मला तर ॲलर्जीवरचं हॉस्पिटलच बघितल्यासारखं वाटलं.

पृथ्वीला घेऊन गोठ्यात खाटेवर बसलो. त्यानं म्हशीकडं बघितलं, म्हशीनं त्याच्याकडं. तो हसला. मी शिंकलो. मग शिंकतच राहिलो. डोळे एवढे सुजले की पोराला मी संयोगिताच्या हातात देतोय असं समजून कडबा उचलायला आलेल्या गड्याच्या हातात देत होतो.

मामा म्हणाले, "पावणं, बाळ झ्याक हाय की. तुमास्नीच दावणीपासनं लांब बांधाय पायजे."

सासऱ्यांचा स्वभाव विनोदी आहे. माझ्या शरीरातली जुनी घाण बाहेर पडत होती, हे त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. नाक बंद असल्यामुळे त्यांना ते नीट कळलं नसावं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

मामांकडून एक शेळी आणली. कळंब्यातलं आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागं छोटं अंगण आहे. ते आजवर वाया जात होतं.

आई दारातच म्हणाली, "शिवाजी पेठ सोडून हिकडं ब्लॉकमधे आलो, ते शेरडं पाळायला व्हय?" मी म्हणालो, "आई, ही शेळी नव्हे, ट्रीटमेंट आहे." आई म्हणाली, "मग तिची लेंडी कोण काढणार, डाक्टर?"

तिळगूळ घेतला. गोड बोलायचं ठरवलं. शेळी रात्रभर बोलत होती.

२० जानेवारी, सोमवार

प्रगती उत्तम.

फिनेल बंद केलं. (बाटली दुकानात रेक्झिनच्या रोलमागं ठेवली आहे.) बाळाचा साबण बंद करायचा होता, पण आईनं साबण कंबरेला खोचून ठेवला. लोणचं, ताक, आंबवलेल्या पिठाचे घावन असं सगळं सुरू केलं. पृथ्वी अजून फक्त दूध पितो, म्हणून त्याच्या वतीनं हे सगळं मीच खातो.

पोट बिघडलं आहे. सुरुवातीला असं होणारच.

२७ जानेवारी, सोमवार

आज साडेतीन महिन्यांच्या लशीचा दिवस. लग्नसराईमुळं संयोगिताच्या दुकानात नवऱ्या मुलींची रांग. आई गडहिंग्लजला मावशीकडं. माझं दुकान सोमवारी बंद. संयोगितानं दूध काढून बाटलीत भरलं, पिशवी भरली आणि म्हणाली, "आज तुम्हीच न्या. जमेल नव्हं?" मी म्हणालो, "त्यात काय जमायचंय?"

पृथ्वीला बेबी सीटमध्ये बांधलं. आमच्याच दुकानातली सीट आहे, उत्तम क्वालिटी. डॉ. प्रियदर्शनी मॅडमच्या दवाखान्यासमोर गाडी उभी केली. जागा लगेच मिळाली. अशी जागा मला राजारामपुरीत कधीच मिळत नाही, आजच बरी मिळाली.

जिना चढून दारापर्यंत गेलो. आतून स्पिरिटचा वास आला. मग आत कुणाचं तरी पोर किंचाळलं. पृथ्वीनं माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि माझ्याकडं बघून हसला.

अशा वेळी वैज्ञानिक दृष्टी असलेल्या बापानं काय करावं? मी जिना उतरलो.

दोघं कळंबा तलावावर गेलो. त्याला पाणी दाखवलं, बगळे दाखवले. हवा छान होती. बाटलीतलं दूध प्याला आणि झोपला. बाप-लेकाचं नातं असंच घट्ट होतं.

संध्याकाळी संयोगितानं विचारलं, "रडला का लई?" मी म्हणालो, "डॉक्टर नव्हत्या." हे काही खोटं नाही. तलावावर डॉक्टर नव्हत्याच.

३ फेब्रुवारी, सोमवार

संयोगितानं पुन्हा पाठवलं. पुन्हा तलाव. आज बगळे कमी होते.

घरी सांगितलं, "स्टॉक संपलाय." दुकानात हिरव्या रेक्झिनचा स्टॉक खरोखरच संपला आहे.

ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या दवाखान्यात लस संपते? मी फोन लावते." मी म्हणालो, "तू कशाला? तुझ्यामागं एवढं काम आहे. आल्यावर तेच कळवणार आहेत." तिनं फोन ठेवून टाचण्या तोंडात धरल्या. मग म्हणाली, "बरं झालं, तुम्ही एवढं बघताय ते." तोंडात टाचण्या होत्या, तरी स्पष्ट म्हणाली.

मला जरा कसंतरी झालं. घावन पचले नसावेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेळीनं घात केला.

संयोगितानं एका नवरीचा पैठणीचा ब्लाऊज घरी हातशिलाईला आणला होता. तो अंगणातल्या दोरीवर वाऱ्याला टाकला होता. शेळीनं उजवी बाही काठासकट खाल्ली. डावी अर्धी खाल्ली होती, तेवढ्यात आईनं तिच्या तोंडातून ओढून काढली.

एवढं मात्र सिद्ध झालं की शेळीला जरीची ॲलर्जी नाही. हे मी संयोगिताला सांगितलं. सांगायला नको होतं.

ती पैठणीच्या पदराचा उरलेला तुकडा घेऊन मशीनवर बसली. नवरीची आई येऊन ओरडून गेली. त्यांना चहा मी केला. त्यांनी तो घेतला नाही.

शेळी टेम्पोनं कागलला परत. चढवताना मला शिंगाचा एक धक्का दिला. एवढ्या दिवसांचे संबंध, पण जनावराला जाण नसते.

९ फेब्रुवारी, रविवार

अझीमला विश्वासात घेऊन माझं सगळं संशोधन सांगितलं. तो फोम कापत होता. कापायचं थांबवून म्हणाला, "माझ्या तिन्ही पोरांना समद्या लशी येळंवर दिल्यात. तुला काय झालंय ते मला ठावं हाय. रक्तदान शिबिरात नाव द्यायला लावलं, तर तू मागच्या दारानं पळालतास."

मी त्याला आठवण करून दिली की त्या दिवशी मला सर्दी होती. तो म्हणाला, "व्हय, सुई बघितली की तुला सर्दीच हुतीया."

पार्टनरशिपमध्ये वैयक्तिक बोलू नये. उद्यापासून त्याच्याशी फक्त धंद्याचं बोलायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सासुरवाडीला म्हाईचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं मटणाचं जेवण. गाव लोटलं होतं. पृथ्वी या कडेवरून त्या कडेवर. शेजारची एक चार-पाच वर्षांची पोरगी तर त्याला सोडेना. खोकत होती, पण पापे घेत होती. संयोगिता म्हणाली, "अगं, खोकला हाय तुला, लांबनं खेळव." मीच म्हणालो, "राहू दे. गावातल्या पोरांत मिसळल्याशिवाय ताकद येत नाही."

मामा म्हणाले, "जावईबापू, पोरगं गोठ्यात आलं, मातीत आलं, चांगलंच हाय. पर त्याला टोचलंय नव्हं समदं?" मी तांबड्या रश्श्याची वाटी पुढं केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी ३ वाजता

मामांचा संयोगिताला फोन. त्या पोरीचा खोकला थांबेना. खोकता खोकता काळीनिळी पडते आणि श्वास घेताना आवाज येतो. कागलच्या डॉक्टरांना डांग्या खोकल्याचा संशय आहे. तिच्या लशी अर्धवट राहिल्या होत्या म्हणे. "तुमच्या बाळाला तेवढं बघा."

संयोगिता म्हणाली, "याचा तिसरा डोस राहिलाय." मग माझ्याकडं वळून, "अजून आला न्हाय का स्टॉक?"

मी म्हणालो, "उद्या बघतो."

संध्याकाळी ७

पृथ्वी खोकला.

एकदाच. पाणी अडकलं असेल. तो पाणी पीत नाही. मग दूध.

७.१५

पुन्हा खोकला. अंग गरम.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही जिन्यावर. मी, संयोगिता, आई आणि तिच्या मांडीवर पृथ्वी. गाडी नो पार्किंगमध्ये सोडून वर आलो. कुणी ओढून नेली तर नेली.

प्रियदर्शनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. छातीला स्टेथोस्कोप लावला, पुढून, मागून. किती वेळ लावला! शेवटी म्हणाल्या, "छाती स्वच्छ आहे. श्वास नीट आहे. साधी सर्दी दिसतेय. पण त्या मुलीजवळ गेला होता, म्हणून लक्ष ठेवायचं. खोकल्याची उबळ आली, दूध प्यायचा बंद झाला, श्वास अडकला, तर एक मिनिट थांबायचं नाही, घेऊन यायचं. आणि याचा साडेतीन महिन्यांचा डोस का नाही झाला?"

संयोगिता म्हणाली, "मॅडम, तुम्ही नव्हता ना. आणि पुढच्या वेळी स्टॉक नव्हता."

मॅडम म्हणाल्या, "मी? मी तर डिसेंबरपासून कुठंच गेले नाही. आणि लस कधी संपली इथं?"

तिघी माझ्याकडं बघत होत्या. मी भिंतीवरचा जिराफ बघितला. चांगला काढलाय, मान जरा लांब झाली आहे.

मग मी बोललो. लेखाचं, परदेशातल्या कुटुंबांचं, ॲलर्जीचं. बोलताना माझाच आवाज मला रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा येत होता. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "गोठा, गावची हवा, जनावरं, अशा राहणीत वाढलेल्या मुलांना ॲलर्जी कमी दिसते, असं काही अभ्यासांत आलंय. पोराला गावाला न्या, चांगलं आहे. पण लस वेळेवर दिली म्हणून ॲलर्जी वाढते, असं काही दिसलेलं नाही. ती कुटुंबं वेगळी राहतात, त्यात लस उशिरा देणं हीसुद्धा त्यांची एक सवय. फायदा झाला तो राहणीचा. तुम्ही मात्र लशीवर ढकललात. आणि डांग्या खोकला एवढ्या लहान बाळाचा जीव घेऊ शकतो."

थोडक्यात, निम्म्या मुद्द्यावर मॅडमचं आणि माझं एकमत झालं.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला की लगेच डोस द्यायचा ठरलं.

घरी येताना संयोगिता पुढं बसली नाही. पृथ्वीला घेऊन मागं बसली. काहीच बोलली नाही. म्हणजे तिला माझं म्हणणं बऱ्यापैकी पटलं असावं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून चौकाचौकात शिवजयंतीचे ढोल. घरात शांतता. संयोगिता अजून बोललेली नाही. भाकरी ताटात येते, पण कुणी वाढली ते कळत नाही.

आई बोलते. आई फक्त बोलतेच. "तळ्यावर न्हेलंस? तान्ह्या पोराला? लस सोडून? बगळं दाखवायला?" तिला कुणी सांगितलं, ते माहीत नाही. मीच सांगितलं असेल.

पृथ्वी दिवसभरात थोडा खोकला. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोबाईलवर 'डांग्या खोकला, तान्ही बाळं' असं टाकलं. हा लेख शेवटपर्यंत वाचता आला. लॉगिन वगैरे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं.

दुकानात काही सुचेना. एका गिऱ्हाइकाच्या स्विफ्टला बोलेरोचं कव्हर घातलं. ते दोन्ही बाजूंनी लोंबत होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "हे काय, झूल घातली का बैलाला?" अझीमनं त्याला चहा पाजला आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. मला वाटलं आता शिव्या देणार. तो म्हणाला, "घरला जा. पोराजवळ बस. दुकान मी बघतो."

मी शिंकलो. शिंकेनं डोळ्याला पाणी येतं.

घरी येऊन पाळण्याजवळ बसलो. छाती वर-खाली होतेय का, बघत बसलो. होत होती. तरी बघत बसलो. संयोगिता दारात येऊन उभी राहिली, मग निघून गेली. ती काही बोलेल म्हणून मी थांबलो होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप नाही. खोकला जवळजवळ नाही. पृथ्वीनं पोटभर दूध पिऊन माझ्या अंगावर निम्मं परत केलं. एवढा आनंद मला टीम फायनलला गेली तेव्हाही झाला नव्हता. (मी त्या मॅचला बेंचवर होतो.)

मामांचा फोन आला. त्या पोरीला औषध लागू पडलंय, उबळ कमी आहे, बशीभर भात खाल्ला. मग मला फोन द्यायला सांगितलं. "जावईबापू, शेरडीनं ब्लाऊज खाल्ला, त्याचं मला काय वाटलं न्हाय. जनावर हाय ते." एवढं बोलून ठेवला. पुढचं वाक्य काय असेल यावर मी बराच विचार केला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आई आणि संयोगितानं मिळून मॅडमना फोन केला. उद्या पृथ्वीचा डोस. शिवाय मॅडम म्हणाल्या, घरात तान्हं बाळ आहे, तर मोठ्यांनीही डांग्या खोकल्याची लस घेतली तर चांगलं. म्हणजे घरातून त्याला लागायला नको. तेव्हा उद्या घरातले सगळे.

मी विचारलं, "सगळे म्हणजे?"

आई म्हणाली, "म्या, ती आन् तू. शेरडी गेली न्हवं."

संकल्प: उद्या पृथ्वीला मीच धरणार. गाडी कुणीही बघो.

दुसरा संकल्प: माझ्या लशीच्या वेळी संयोगिताला काही वाटू नये म्हणून मी हसत राहणार. गोलकीपरनं बॉल येताना डोळे उघडे ठेवायचे असतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ९

अंघोळ, देवाला नमस्कार, अर्धी बाही. हात बर्फासारखे गार आहेत. हवेत अजून गारवा आहे.

संध्याकाळी ६

आता जरा बसता येतंय, म्हणून लिहितो.

पृथ्वीला मीच धरलं. मॅडम म्हणाल्या, "आईकडं दिलं तरी चालेल." मी म्हणालो, "नाही, माझ्याकडंच." संयोगितानं माझ्याकडं बघितलं. त्याला छातीशी धरलं, त्याच्या मांड्या सिस्टरांकडं. मी डोळे मिटले होते, हे खरं आहे. एक मांडी, मग दुसरी. तो असा रडला की खाली गाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. मी त्याच्या कानात काहीतरी म्हणत होतो. आई नंतर म्हणाली की मी "कॉर्नर किक, कॉर्नर किक" म्हणत होतो. मला तर अंगाई म्हणतोय असं वाटत होतं. थोड्या वेळात तो गप्प झाला, खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत राहिला. मी पडलो नाही. उभा होतो, दोन्ही पायांवर.

मग आई. स्टुलावर बसली, बाही वर केली, सिस्टरांना त्यांचं गाव कुठलं ते विचारलं. गाव सांगून होईपर्यंत लस झालीसुद्धा.

मग संयोगिता. रोज सुया हाताळणारी बाई. तिनं बघितलंही नाही.

मग मी. पृथ्वीला आईकडं दिलं. स्टुलावर बसलो. हसत राहिलो. दंडावर गार कापूस फिरला. मी डोळे उघडे ठेवले, आणि ते फार वाईट झालं. सुई दिसली. जिराफाची मान लांब व्हायला लागली. मॅडम काहीतरी म्हणत होत्या, त्यांचा आवाज तळ्याच्या पलीकडून आल्यासारखा.

त्यानंतर छत दिसलं. त्यावर ढग आणि फुगे काढलेत. मी फरशीवर होतो. पाय स्टुलावर, कुणीतरी वर ठेवलेले. बाहेर बसलेल्या सगळ्या आया दारात उभ्या. एक चिमुरडी तिच्या आईला विचारत होती, "ते काका मेले?"

"लस द्यायची राहिली का?" मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही पडायच्या आधीच दिली. कापूस फिरवला तेव्हा तुम्ही वर बघत होता ना, तेव्हाच. नंतर सुई परत ठेवताना तुम्हाला दिसली."

म्हणजे दुखलंही नव्हतं. वापरून झालेली सुई बघून मी पडलो.

आणि तेव्हा संयोगिता हसली. आधी ओठ आवळून, मग पदर तोंडाला लावून, मग खुर्चीचा हात धरून पोट दुखेपर्यंत. आठवडाभरात पहिल्यांदा. आई हसली, मॅडम हसल्या. आईच्या कडेवर पृथ्वीनं सगळ्यांकडं बघितलं आणि तोही बोळकं पसरून हसला, गालावर पाणी तसंच. मी फरशीवर पडल्या पडल्या हे बघत होतो. पुन्हा पडावं लागलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

हसू आवरल्यावर ती वाकली, माझ्या कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "घाबरत होता, तर मला सांगायचं होतं. मी न्हेलं असतं की. बगळं कशाला?"

मी पहिल्यांदाच काही कारण सांगितलं नाही. सुचलं नाही.

"उठा," ती म्हणाली. "गाडी मी चालवते."

मी मागं बसलो, पृथ्वीशेजारी. आई पुढं बसून फोनवर कागलला सांगत होती, मग गडहिंग्लजला. "व्हय, बाळ चांगलं हाय. व्हय, बापाला आणलाय उचलून."

दंड थोडा दुखतोय. पृथ्वीला पुढची लस नऊ महिने झाल्यावर. त्या दिवशी माझी काही नाही, हे मी मॅडमना निघताना दोनदा विचारून घेतलंय.